‘व इतर’ कुणाला म्हणता?

मा. संपादकसाहेब,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतलं हॉलिवूडच्या जुन्या चेहऱ्यांचं पान बघून आधी बरं वाटलं आणि फोटोखाली ‘चिनी अभिनेता जेम्स हाँग’ वाचल्यावर चहा कडू झाला. अहो, तो माणूस १९२९ साली मिनियापोलिसला जन्मला, अमेरिकेत! आडनाव आणि डोळे बघून देश ठरवायचा असेल तर धन्य आहे.

बरं, मजकुरात तरी काही असेल, तर शेवटच्या ओळीत ‘हाँग व इतर’. सत्तर वर्षं काम केलं, सहाशेच्या आसपास भूमिका केल्या, ‘कुंग फू पांडा’त त्या पांडाला वाढवणाऱ्या बापाला आवाज दिला तो यानेच, आणि तुमच्याकडे अर्धी ओळ?

मला राग येण्याचं कारण सांगतो. हाँग मुळात सिव्हिल इंजिनिअर. लॉस एंजेलिस काउंटीत रस्त्यांची कामं बघायचा आणि आजारपणाची रजा टाकून शूटिंगला जायचा. मी पण सिव्हिलवाला, १९८४ ला कावीळ झाली असं खोटं लिहून देऊन राज्य नाट्य स्पर्धेत प्राथमिक फेरीला पोस्टमन केला होता, तीन वाक्यं होती पण एका वाक्याला चांगला हशा आला. दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर ‘व इतरांनी साथ दिली’. (एका अर्थी बरंच झालं, नाव छापलं असतं तर कावीळ उघडी पडली असती.) पण बायको अजून हाक मारते, ‘इतर, जेवायला या!’

हाँगने मात्र नोकरी सोडली, आणि कामं काय मिळायची तर वेटर, लाँड्रीवाला नाहीतर व्हिलन. गोरे हिरो डोळ्यांना टेप लावून चिनी व्हायचे आणि खरा चेहरा असलेला हा कोपऱ्यात उभा! म्हणून तर १९६५ ला याने, माको या नटाने नि आणखी काही कलाकारांनी मिळून ईस्ट वेस्ट प्लेयर्स ही नाटक कंपनी काढली. हे छापायला जागा नव्हती, कारण खाली पाव पान फ्लॅटची जाहिरात होती.

मुलाकडे न्यूजर्सीला गेलो होतो तेव्हा ‘साइनफेल्ड’ या अमेरिकन विनोदी मालिकेचा तो १९९१ चा चायनीज हॉटेलचा एपिसोड बघितला, टेबलासाठी ताटकळणाऱ्यांना हा थंडपणे ‘पाच-दहा मिनिटं’ सांगत राहतो, एवढंच काम आणि सगळा एपिसोड खाऊन टाकतो. त्याला वॉक ऑफ फेमवर (हॉलिवूडच्या ज्या फुटपाथवर कलाकारांच्या नावाचे तारे बसवतात तिथे) स्टार मिळाला तो २०२२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, तोही डॅनियल डे किम या नटाने पुढाकार घेऊन आपल्याकडे गणपतीला काढतात तशी वर्गणी काढली तेव्हा.

निदान ‘चिनी’ची दुरुस्ती छापा. आणि हो, शब्दकोड्याची उत्तरं उलटी छापणं बंद करा, मान दुखते.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, सातारा