चि. मनूस, बडोद्याहून

बडोदे, सर्वपित्री अमावास्या
२१ सप्टेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई गुरुवारी पहाटे पुण्याहून पोचली. हातपाय धुवायच्याही आधी तिनं पर्समधून चार पानांचा झेरॉक्स काढला आणि माझ्या हातात दिला. "मनूनं दिलाय. घरी पोचल्यावरच द्यायचा, असं बजावलंय," म्हणाली. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी तू लिहिलेला, २०१९ च्या पुराच्या रात्रीचा लेख. पहिल्यांदा वाचला तो चष्मा शोधत, उभ्या उभ्या. मग कंपनीत जेवणाच्या सुट्टीत. आणि काल रात्री बंटू झोपल्यावर पुन्हा, गॅलरीत बसून.

तापाबद्दल या पत्रात लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय. अकरा दिवस आईनं तेच ऐकवलं असणार. म्हणून एकदाच विचारतो. पुन्हा कणकण नाही ना? हिरड्यांतून रक्त येत नाही ना? पोटात दुखलं तर ते साधं पोट आहे असं समजायचं नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा माणसाला वाटतं बरं झालं, आणि नेमका तेव्हाच दोन-तीन दिवस धोका असतो. हे मला या वेळी कळलं. तू चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून प्रॅक्टिकलला गेलीस. प्लेटलेट बासष्ट हजारांवर आल्या होत्या तुझ्या, मनू. दीड लाखाच्या खाली जायला नकोत त्या. आणि मैत्रिणीकडून कसलीतरी अंगदुखीची गोळी घेतलीस. डेंग्यूत पॅरासिटामॉल सोडून दुसरी दुखण्याची गोळी घ्यायचीच नसते, तिनं रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी आईला हे दोनदा सांगितलं, आईनं मला चारदा.

बघ, सुरू झालोच मी. रागावलेलो नाही.

तुझ्या त्या नांदेडच्या रूम पार्टनरनं रात्री पावणेअकराला फोन केला. पहिलं वाक्य, "काका, मी फोन केलाय हे मनूला सांगू नका." पाच दिवस तू आजारी आणि त्या पाचही दिवशी संध्याकाळी आपलं बोलणं झालेलं. तू मला बंटूच्या युनिट टेस्टचं विचारत होतीस. मेसमधल्या बटाट्याच्या भाजीला तू गुजरातीत शाक म्हणालीस म्हणून मुली कशा हसल्या, ते सांगत होतीस. मीही हसलो. एकशे तीन ताप असलेली मुलगी मला हसवत होती आणि मला आवाजावरून कळलं नाही. दोन आठवडे झाले, हेच डोक्यातून जात नाही.

आता लेखाबद्दल.

छान लिहिलंयस. तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती अशात वाढलेल्या मुलीनं पुण्याच्या कॉलेजात मराठीत लिहावं आणि त्यांनी ते लावावं, याचा मला किती आनंद झालाय ते तुला समोर असतीस तर दिसलं असतं. आजीचे पाय, जिना, थर्मास, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. थर्मासची गोष्ट तर मी पूर्ण विसरलो होतो. फ्रीजमधलं आजीचं इन्सुलिन काढून थर्मासमध्ये बर्फ टाकून त्यातून वर न्यायचं, हे तुला कोणी सांगितलं होतं? मी तर नव्हतं सांगितलं. बारा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते तुला.

३१ जुलै २०१९. बुधवार. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे मकरपुऱ्याच्या आमच्या कंपनीच्या शेडचा पत्रा आणि त्यावरचा पावसाचा आवाज. चोवीस तासांत वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला हे आकडे दुसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी एवढंच कळत होतं की गेटबाहेर गाड्या तरंगतायत, नदीवरचे पूल बंद केलेत आणि आई सुरतला मावशीकडे आहे. समा भागातल्या आपल्या त्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये तू, आजी आणि पाच वर्षांचा बंटू. विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ कँटीनमध्ये सगळे एकमेकांना दाखवत होते. मी बघत नव्हतो.

तू लिहिलंयस : "बाबा म्हणाले, तू मोठी आहेस ना, मग घाबरायचं नाही आणि रडायचं नाही. आणि त्यांनी फोन कापला."

कापला नाही गं. बॅटरी संपली. वीज सकाळपासून नव्हती, माझ्याकडे अकरा टक्के होती ती आईशी आणि तुझ्याशी बोलण्यात गेली. तुला पुढे सांगायचं होतं की वरच्या बेनना हाक मार, एकटी आजीला उचलू नकोस, आणि मी येतोय. तेवढ्यात फोन काळा झाला. मग रात्रभर कोणाचा तरी फोन मागून लावत राहिलो, तर तुझा लागत नव्हता. तुझ्या बाजूनं तो कापलाच गेला होता. माझं म्हणून शेवटचं तुला मिळालं ते "रडायचं नाही" एवढंच. सहा वर्षं ते तसंच राहिलं तुझ्याकडे. मला लेख वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चालत, कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलो तेव्हा तू दुसऱ्या मजल्यावर बेनच्या स्वयंपाकघरात बंटूला खाकरा भरवत होतीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाबा, आजीची साखर सकाळी एकशे चाळीस होती." एवढंच. मी तिथे जिन्यात बसून रडलो, ते तुला दिसू नये म्हणून तोंडावर रुमाल धरला. धरायला नको होता, असं आता वाटतं.

त्यानंतर मी काय केलं? तेही तू लिहिलंयस, जरा हात राखून. प्रत्येक लग्नात, मुंजीत, गणपतीत ती गोष्ट सांगितली. आमची मनू म्हणजे वाघीण. आमच्या मनूला काही सांगावं लागत नाही. दांडिया बाजारातल्या काकांना सांगितली, कंपनीत सांगितली, तुझ्या शाळेत सांगितली. तू शेजारी उभी असायचीस, फ्रॉकच्या पट्ट्याशी चाळा करत. मला वाटायचं लाजतेय. तू लिहिलंयस, "गोष्ट ऐकून झाली की सगळे माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यानंतर कुठे दुखतंय हे सांगायची सोयच उरायची नाही."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय.

मग एकेक आठवत गेलं. लॉकडाऊननंतर शाळा सुरू झाली त्या वर्षी तुला फळा दिसत नव्हता. सहा महिने शेजारणीच्या वहीवरून उतरवून घेत होतीस. पेरेंट्स मीटिंगमध्ये बाईंनी विचारलं तेव्हा कळलं. नंबर निघाला पावणेदोन. रिक्षात मी ओरडलो तुझ्यावर आणि तू म्हणालीस, "आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन चाललं होतं ना." गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नदी पस्तीस फुटांच्या वर गेली तेव्हा बारावी होती तुझी. आम्ही देव, कागदपत्रं, बंटूची सायकल वर नेली. तुझ्या केमिस्ट्रीच्या वह्या खालच्या कप्प्यात राहिल्या. तीन दिवस वीज नाही, घरभर चिखल, आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. दिवाळीत आईला गादीखाली नव्या वह्या सापडल्या, सगळं पहिल्यापासून लिहून काढलेलं. मी तेव्हाही काय म्हणालो? "वा! बघा आमची मनू." पुन्हा तेच.

तू अशी नव्हतीस गं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये तो निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे ना, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सत्तर फुटांच्या वर लांब. तू पाच वर्षांची असताना मी तुला तो पहिल्यांदा दाखवला. त्याच्या बरगड्यांखाली उभी राहून तू विचारलंस, "याची आई कुठे होती?" आणि जी रडायला लागलीस, ती बागेतल्या छोट्या गाडीत बसवलं तरी थांबेना. फुलांच्या घड्याळापाशी एक बाई थांबून विचारायला लागल्या, पोरगी हरवली आहे का म्हणून. घरी येऊन आजीच्या मांडीवर झोपलीस, हुंदके देत. देवमाशासाठी दोन तास रडणारी मुलगी होती माझी. आजीनं दुसऱ्या दिवशी तुझी समजूत घालायला सांगितलं की तो आईला शोधायलाच आला होता. तू म्हणालीस, "मग सापडली का?" आजीला उत्तर सुचलं नाही. आजीला उत्तर न सुचल्याचं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

आज दोघांची पानं ठेवली. आजीच्या पानावर तिला आवडायची तशी अळूची वडी, आजोबांच्या पानावर आमसुलाची चटणी जास्त. कावळा लगेच आला. मी बराच वेळ गच्चीवरच थांबलो.

आजोबांचं तुला कधी नीट सांगितलं नाही. १९९८ चा मे. दुपारपासून त्यांच्या छातीत दुखत होतं. जिरं चावून बघितलं, सोडा घेतला, आजीला म्हणाले पित्त आहे. रात्री नऊपर्यंत कोणाला काही कळू दिलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी माझा इंटरव्ह्यू होता. याच कंपनीचा. मुलाची झोप मोडू नये म्हणून गप्प बसले. रिक्षा रावपुऱ्यापर्यंतही पोचली नाही. महिन्याभरानं कंपनीनं मला पुन्हा बोलावलं आणि नोकरी मिळाली. सत्तावीस वर्षं तिथेच जातो आहे. घरी येणारे सगळे म्हणायचे, केवढं मन! मुलासाठी दुखणं गिळलं. मीही तेच म्हणत आलो. पण मनू, मला अजून वाटतं, त्यांनी मला उठवायला हवं होतं. इंटरव्ह्यू गेला असता तर गेला असता.

त्यामुळे तू ताप लपवलास, तर मला फक्त ताप दिसत नाही. तो सोड्याचा पेला दिसतो.

पुन्हा तापावर आलो. आई आतून विचारतेय इतकं काय लिहिताय. तिला वाटतंय मी तुला लेक्चर देतोय. थोडं देतोयच, त्याबद्दल माफ कर. अठराव्या वाढदिवसाला आठवडा राहिलाय, तुला सांगणारा मी कोण, हेही मनात येतं. तुझ्या लेखाचा शेवट मला पटला नाही, तेवढं मात्र सांगतो. तू म्हणतेस, त्या रात्री माझं बालपण संपलं आणि त्याचं मला दुःख नाही. तुला नसेल. मला आहे. त्या रात्री घरात मोठं माणूस असायला हवं होतं, आणि ते मी होतो. तू जे केलंस त्याचा अभिमान आहे आणि कायम राहील, पण ते तुला करावं लागलं हे मी कोणाला अभिमानानं सांगायला नको होतं. यापुढे सांगणार नाही. परवा काकांनी नव्या सुनेसमोर विषय काढला तेव्हा मी तो बदलला.

उद्या घट बसतील. मैदानावर माइकची चाचणी चालू आहे, "हॅलो हॅलो" घरात ऐकू येतंय. तुझी केशरी चणियाचोळी आईनं उन्हात घालून ठेवली, तू येणार नाहीस हे माहीत असून. बंटू या वर्षी तुझ्याशिवाय पहिल्यांदा गरब्याला जाणार. विचारत होता, दोन ताळीनंतर पाय कुठला टाकायचा. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखव, पण बसून. इतक्यात नाचायचं नाही तू.

सोबत खोका पाठवतोय. लीलो चिवडा, भाकरवडी, आजीच्या पाककृतीची डिंकाची वडी (आईनं केलीय, आजीची सर नाही हे आईलाही मान्य आहे), मच्छरदाणी आणि थर्मामीटर. मच्छरदाणी दिवसासुद्धा लाव, तो डास दिवसाच चावतो. थर्मामीटर डिजिटल आहे. काखेत धरायचा, वाजला की काढायचा.

या महिन्यात रोज रात्री झोपायच्या आधी ताप बघ आणि मला आकडा पाठव. नुसता आकडा. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, अभ्यास असेल, मैत्रिणी असतील. आणि कधी रडायला आलं तर तेव्हाही फोन कर, काही बोलावं लागणार नाही. मी फोन रात्री चार्जिंगला लावूनच झोपतो. २०१९ पासून. अठ्ठ्याण्णव असला तरी पाठव.

तुझा
बाबा

ता. क. – चिवड्याची पिशवी आधी उघडून डब्यात काढ, तेल सुटतं. नांदेडच्या मुलीला भाकरवडीचं एक पाकीट वेगळं ठेवलंय, त्यावर तिचं नाव आईनं लिहिलंय. तिला माझा नमस्कार सांग. ती रागवू दे, मी सांगितलं तुला तिनं फोन केला ते.