‘छोटे साहाय्यक प्रथिन’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतला यीस्टवरचा लेख वाचला. असला रुक्ष विषय छापलात, याबद्दल मनापासून आभार. पण ईआरएफ१ या प्रथिनावर मेथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन एवढाच अणूंचा पुंजका) चिकटवण्याची सगळी शाबासकी एमटीक्यू२ या प्रथिनाला देऊन त्याच्या जोडीदाराची, टीआरएम११२ ची, ‘एक छोटे साहाय्यक प्रथिन’ एवढ्यावर बोळवण केली, ते वाचून चहा गार झाला.

हे ‘साहाय्यक’ नसेल तर काय होते, ते मी पाहिले आहे. मी प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. एकटे एमटीक्यू२ जिवाणूंमध्ये तयार करून घ्यायचे काम माझ्याकडे आले. जिवाणू फोडून नळी सेंट्रिफ्यूजमधून काढावी, तर सगळे प्रथिन तळाशी पांढरा गोळा होऊन बसलेले आणि वरच्या द्रवात नावालाही नाही. तापमान उतरवले, क्षार बदलले, रात्री जागलो. तरी गोळाच. वरिष्ठ म्हणाले, ‘तुमच्या हाताला गुण नाही.’ शेवटी दोन्ही जनुके एकाच जिवाणूत घातली आणि प्रथिन निमूटपणे द्रवात आले. एमटीक्यू२ चा पाण्याला बिचकणारा भाग टीआरएम११२ झाकून धरते. शिवाय मेथिल गट देणारा एसएएम रेणू नीट बसतो तोही त्याच्यामुळेच. त्यानंतर जो प्रबंध झाला, त्याच्या आभाराच्या पानावर मी ‘इतर कर्मचारी’ आहे. असो.

टीआरएम११२ यीस्टमध्ये एका एमटीक्यू२ शीच नव्हे, तर टीआरएम९, टीआरएम११ आणि बड२३ या मेथिल गट लावणाऱ्या इतर प्रथिनांशीही जोडी जमवते. त्यांतली पहिली दोन टी-आरएनएवर (प्रथिनासाठी अमिनो आम्ले वाहून आणणारे रेणू) काम करतात, तिसरे रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या कारखान्याच्या, आरएनएवर. चार घरचा संसार सांभाळणाऱ्याला ‘छोटे’ म्हणायचे!

लेखात असेही आहे की हा मेथिल गट लागला नाही तर प्रथिननिर्मिती ‘ठप्प होते’. तसे असते तर एमटीक्यू२ चे जनुक काढलेले यीस्ट जगलेच नसते. ते जगते, फक्त रडतखडत वाढते. मेथिल गट लागतो तो ईआरएफ१ च्या साखळीतल्या १८२ व्या जागेच्या ग्लुटामिन या अमिनो आम्लावर. थांबा-संकेत आला की तयार झालेली साखळी सोडवून देणारे प्रथिन ते हेच, आणि हा ग्लुटामिन त्याच्या अगदी कामाच्या टोकावर असतो. त्यातही ईआरएफ१ एकटे आलेले एमटीक्यू२-टीआरएम११२ च्या जोडीला चालत नाही. सोबत ईआरएफ३ हे दुसरे प्रथिन आणि जीटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू लागतात. लेखात ईआरएफ३ चे नावही नाही. साहाय्यकांची ॲलर्जीच दिसते!

आणि चित्र? मेथिल गट लागतो प्रथिनावर, तुम्ही छापलीत डीएनएची शिडी. मागे हार्मोनवरच्या लेखालाही हीच शिडी होती. तुमच्याकडे एकच चित्र आहे का?

त्या वेळीही मी पत्र पाठवले होते. ते छापताना आपण नेमका दुसरा परिच्छेद उडवलात. या खेपेस जागा कमी पडली, तर कृपया पहिला उडवावा.

आपला,
एक निवृत्त ‘इतर कर्मचारी’