तुझं कोयनेचं जंगल आणि आमचं जांबूघोडा

बडोदा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय वसंता,

तुझ्या कोयनेच्या जंगलात झाडांच्या जाती जास्त, म्हणून "तुमच्या गुजरातेत सागाच्या काड्यांपलीकडे आहे काय?" असं तू लिहिलंस, ते वाक्य लागलं रे मला. गरब्याचा गोंगाट संपला तसा कॉलेजच्या चार पोरांबरोबर जांबूघोड्याला जाऊन आलो. सत्तरएक किलोमीटर. 1990 सालापासून अभयारण्य आहे, 130 चौरस किलोमीटरचं.

आधी कबुली देतो. दोरीनं दहा-दहा मीटरचा चौकोन आखून आतली मनगटाएवढी जाड झाडं मोजली. चौदा साग, तीन टेंभुर्णी, दोन धावडे, एक मोई. तू हसणार. मग आमच्याबरोबरच्या राठवा काकांनी हाताला धरून नाल्यात उतरवलं. तेवढ्याच चौकोनात सतरा झाडं आणि अकरा जाती! करंज, उंबर, जांभूळ, कळंब... एका झाडाला काका 'सादड' म्हणाले, मी अर्जुन म्हणून हटून बसलो. ते काही बोलले नाहीत, नुसता माझा तळवा खोडावर टेकवला. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. ऐनाचं झाड होतं, त्यालाच काका सादड म्हणत होते. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट. बॉटनी शिकवून निवृत्त झालेला माणूस मी. पोरांनी परत येईपर्यंत पिच्छा सोडला नाही.

नाल्याच्या वर साग का माजतो, तर गुरं त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत आणि वणव्यानंतर तो बुंध्यातून पुन्हा फुटतो. बाकीच्यांची रोपं मान वर काढायच्या आत चरली जातात नाहीतर जळतात. नाल्यात ओल टिकते, आग पोचत नाही.

आता तुझ्या 'जास्त जाती म्हणजे थोर जंगल' या हिशेबाकडे येतो. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एका टेकडीचा माथा बेट होऊन उरला, बारो कोलोराडो. तिथं 1980च्या सुमारास 50 हेक्टर आखून सेंटिमीटरभर जाडीच्या रोपापासून प्रत्येक खोडाला नंबर दिला. जाती सुमारे 300. आपल्या तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलात 1988 पासून बंगळूरचे शास्त्रज्ञ तेवढ्याच तुकड्यावर नजर ठेवून आहेत, तिथं सत्तरएक. मलेशियातल्या पासोहला 800च्या वर! म्हणून मुदुमलै भिकार? पाच-सहा महिने कोरडे काढायचे आणि वर वणवे सोसायचे, हे ज्यांना जमतं तेवढेच तिथं राहतात. आणि पनामातसुद्धा थोड्याच जाती गर्दी करून असतात. यादी लांबते ती एकेकट्या, दुर्मीळ झाडांमुळे.

असाच एकटा कुसुम आम्हाला नाल्याच्या वळणावर दिसला. कवेत मावणार नाही एवढा. पोरं अर्धा तास गुडघ्यांवर रांगली, पण खाली त्याचं एक रोप मिळेना. काका म्हणाले, या पोरांच्या लहानपणी इथं तीन होते. अभयारण्याच्या पाटीनं कुऱ्हाड थांबते. पण नाल्याचं पाणी आटत गेलं तर पाटी काय करणार? आमच्या वहीत मात्र कुसुम 'एक जात' म्हणून सागाच्या बरोबरीनं बसलाय. ते मला रात्रभर खटकत राहिलं.

मार्चात ये. कुसुमाला लालभडक पालवी फुटते तेव्हा, मोहही गळत असतो. वहिनींना घेऊन ये, दांडिया बाजारातली वरची खोली रिकामीच आहे. आणि येताना तुझं ते जाड भिंग आण, माझं नाल्यात पडलं.

तुझा,
अरविंद