पार्लरचे शिक्षण शाळेत, शिकाऊ उमेदवारी मात्र वाऱ्यावर

मा. संपादक,

धनकवडीत गेली १९ वर्षे माझे दोन खुर्च्यांचे पार्लर आहे. दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात कोणीतरी आई मुलीला घेऊन येते, "ताई, हिला हाताखाली घ्या, शिकेल." यंदा आलेल्या मुलीने शाळेत नववी-दहावीला 'ब्युटी अँड वेलनेस' हा विषय घेतला होता. फरक पहिल्याच दिवशी कळला. न सांगता तिने आधी हात धुतले, चिमटे निर्जंतुक केले. वॅक्स गिऱ्हाइकाला लावण्यापूर्वी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिले. नवीन क्रीम असेल तर कानामागे पॅच टेस्ट करायची, म्हणजे थोडेसे लावून त्रास होत नाही ना ते पाहायचे, हेही तिला पाठ होते. मला हे कळायला दोन वर्षे लागली होती. थ्रेडिंगचा दोरा दातात धरला तेव्हा मात्र तिचा हात थरथरला. शाळेत भुवयांचा सराव कागदावरच्या चेहऱ्यावर झाला होता! मी म्हटले, आधी स्वतःच्या पायावर हात बसव. आम्ही सगळ्या तशाच शिकलो.

म्हणजे शाळेने पाया घातला, तो चांगला घातला. अडते ते पुढे. मी शिकले तेव्हा पहिले सहा महिने केस झाडले आणि टॉवेल धुतले. पैसे नाहीत, कागद नाही. दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागितला तर मालकीणबाई म्हणाल्या, "कसला दाखला?" आजही वस्तीवस्तीत मुली अशाच राबतात.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली की उमेदवार होता येते, लेखी करार होतो, विद्यावेतन मिळते. २०१९ च्या सुधारित नियमांनी दहावी उत्तीर्णांसाठी ते दरमहा किमान ६,००० रुपये ठरवले. पण किमान चार माणसे कामाला असतील त्याच आस्थापनेला उमेदवार ठेवता येतो. माझ्याकडे मी आणि एक मदतनीस! मोठी सलॉन कोरेगाव पार्क, औंधकडे. तिथून रात्री नऊला सुटून दोन बस बदलत धनकवडीला यायचे म्हटल्यावर कोणते आईबाप सोळा वर्षांच्या मुलीला पाठवतील?

म्हणून शिक्षण विभागाला आणि कौशल्य विकास विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. जी शाळा हा विषय शिकवते तिच्या परिसरातली चार-पाच छोटी पार्लर शाळेशी जोडा आणि उमेदवारीपुरती त्यांना एकच आस्थापना माना. करार शाळेत, पालकांसमोर होऊ द्या. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'कॉस्मेटॉलॉजी'चा, म्हणजे सौंदर्योपचाराचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शाळेत दोन वर्षे हेच शिकून आलेल्या मुलीला तिथे पुन्हा पहिल्या धड्यावर बसवू नका. आणि हा विषय मुलग्यांनाही द्या, सलॉनमध्ये त्यांनाही भरपूर काम आहे.

माझ्याकडची मुलगी आता रोज अकराला येते. एका दोनशे पानी वहीत मी तारीख, शिकवलेले काम आणि दिलेले पैसे लिहिते, खाली दोघींच्या सह्या. सध्या तिच्याकडे करार म्हणून दाखवायला एवढेच आहे.

– एक पार्लरचालक, धनकवडी, पुणे