ताफ्यातून सुटलेलं जहाज

रत्नागिरी

चि. सौरभ यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बाबा, रोज मेसेज करतो ना, मग पत्र कशाला?" तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. आज सावकाश लिहितोय.

तू दुसरीत असताना आपण गिरसप्पाचा धबधबा बघायला गेलो होतो. आवाजाला घाबरून तू आईच्या पदरात तोंड लपवलं होतंस. त्याच गिरसप्पाच्या नावाचं एक जहाज होतं, 'एसएस गेरसोप्पा'. ब्रिटिश इंडिया कंपनीचं मालवाहू, १९१९ सालचं, कोळशावर चालणारं. डिसेंबर १९४० मध्ये ते कलकत्त्याहून इंग्लंडला निघालं. पोटात बीड म्हणजे कच्चं लोखंड, चहा, चांदी आणि टपालाच्या थैल्या. आफ्रिकेतल्या फ्रीटाउनहून ते 'एसएल ६४' या ताफ्यात निघालं. जर्मन पाणबुड्यांच्या धाकाने तेव्हा मालाची जहाजं अशी एकमेकांच्या सोबतीने जायची.

तू इंजिनरूमचा माणूस, पुढचं तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. समोरून वादळ आलं की जहाज जागचं हलत नाही, पण बॉयलरची भूक काही कमी होत नाही. बंकर, म्हणजे कोळशाच्या कोठ्या, रिकामे होत गेले. ताफ्याबरोबर रेंगाळलं तर बंदर दिसायच्या आत कोळसा संपणार, म्हणून फेब्रुवारी १९४१ च्या मध्याला कप्तानाने सोबत सोडली आणि एकट्याने आयर्लंडच्या गॉलवेकडे जहाज वळवलं. मी आयुष्यभर बंदरात इंजिनं दुरुस्त केली. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं.

१६ तारखेला एक जर्मन विमान वर घिरट्या घालून गेलं. त्याच रात्री 'यू १०१' पाणबुडीचा टॉर्पेडो बसला. डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तारही गेली. मदतीला हाक मारायची सोयच उरली नाही. वीसेक मिनिटांत सगळं पाण्याखाली.

त्या काळी अशा जहाजांच्या तळाशी भट्ट्यांपुढे उभे असायचे ते आपले हिंदी खलाशी. मुकादम सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल, भट्टीत कोळसा घालणारे आगवाले, स्वयंपाक करणारे भंडारी. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून माणसं या कामावर गेली. पगार गोऱ्या खलाशांच्या मानाने फारच कमी, आणि टॉर्पेडो बसला की पहिलं पाणी त्यांच्याच अंगावर.

सेकंड ऑफिसर आर. एच. एअर्स यांच्या होडीत तिसेक माणसं होती, बहुतेक हिंदी खलाशी. फेब्रुवारीतला अटलांटिक, अंगावर ओले कपडे, प्यायला पाण्याचे मोजके घोट. एकेक जण थंडीने गेला. तेराव्या दिवशी इंग्लंडच्या कॉर्नवॉलचं लिझर्ड टोक दिसलं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते, आणि किनाऱ्याला लागता लागता लाटेने होडी उलटली. जिवंत जमिनीवर पोचले ते एकटे एअर्स. ८५ माणसं गेली. जमीन दिसल्यावर गेलेल्यांची आठवण झाली की अजून घास उतरत नाही.

२०११ मध्ये जहाज सापडलं, ४,७०० मीटर खोल. पुढच्या दोन वर्षांत सुमारे ११० टन चांदी वर काढली. पेपरांनी चांदीचंच छापलं. मला अडकवलं ते टपालाने. तिथे उजेड नाही, हवा नाही, वरून मालाचा दाब, त्यामुळे कागद टिकला. सातशेहून जास्त पत्रं निघाली. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात ती मांडली होती. इकडून घरी लिहिलेली साधी पत्रं, माझ्या हातातल्या या कागदासारखीच. ज्यांच्या नावाची होती त्यांनी पोस्टमनची वाट बघितली असेल. काहींना वाटलं असेल, विसरला आपल्याला. हे वाचून मी ओटीवर जाऊन बराच वेळ बसलो होतो.

तुमचं जहाज रॉटरडॅमहून अटलांटिक ओलांडणार म्हणालास. गॉलवेच्या नैर्ऋत्येला तीनशे मैलांच्या आसपास ते पाणी आहे. जवळून गेलात तर वॉच संपल्यावर डेकवर ये आणि त्या आगवाल्यांसाठी हात जोड.

आईने कुळथाचं पीठ भाजून ठेवलंय, मुंबईला उतरलास की मिळेल. उत्तर मात्र हाताने लिही, चार ओळी चालतील.

तुझे बाबा