तिसऱ्या दिवसाचा सीआरपी आणि बाराव्या दिवसाचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती रक्ततपासणीचा जो रिपोर्ट पडतो, त्याविषयी हे पत्र आहे. जळगाव जिल्ह्यात तीस वर्षे मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले. असे रिपोर्ट हजारोंनी छापले, पण ते घरी गेल्यावर कसे वाचले जातात हे मला निवृत्तीनंतर, स्वतःच्याच घरात कळले.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची मोटारसायकल सावद्याजवळ केळीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर आदळली आणि त्याचे मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून रॉड टाकला. तिसऱ्या दिवशी सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, शरीरातील सूज दाखवणारी रक्ततपासणी) 148 आला आणि शेजारी ‘5 पर्यंत सामान्य’ असे छापलेले असल्यामुळे घरच्यांचे धाबे दणाणले. रॉड अंगाला मानवला नाही, रक्तात विष भिनले, आजच्या आज पेशंट नाशिकला हलवा, असे फोन सुरू झाले.

वास्तविक त्या दिवशी घाबरण्यासारखे काही नव्हते. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले, त्यामुळे जंतुसंसर्गाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. परंतु ते वाढायला जंतूच लागतात असे नाही. हाड मोडले, स्नायू चिरडले, आत रक्त साकळले की त्या जागेहून इंटरल्युकिन-6 सारखे रासायनिक संदेश रक्तात जातात, यकृत कामाला लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा शिखर गाठतो. मांडीचे हाड मोठे, भोवतीचे स्नायू दांडगे आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून तेथे तो शंभराच्या पुढे सहज जातो. ही सूज म्हणजे हाड सांधण्याच्या कामाची पहिली पायरीच असते. सीआरपीचे रक्तातील प्रमाण सुमारे 19 तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे कारण ओसरले की आकडाही झपाट्याने उतरतो आणि सर्व सुरळीत असेल तर दोन ते तीन आठवड्यांत पूर्ववत होतो. एकदा उतरणीला लागलेला आकडा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर पुन्हा चढू लागला, तर मात्र जखमेकडे तातडीने पाहावे लागते.

नेमके तेच आमच्याकडे हुकले. सातव्या दिवशी आकडा 62 झाला आणि भाचा घरी आला. बाराव्या दिवशी बारीक ताप आला म्हणून गावाजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिले, तर रिपोर्टवर 11.4 दिसले. ‘बासष्टचा अकरावर आला’ म्हणून बहिणीने देवापुढे साखर ठेवली. त्या रिपोर्टचा फोटो माझ्या मोबाइलवर दुसऱ्या दिवशी आला. तो मोठा करून पाहिला, तेव्हा आकड्याच्या उजवीकडे बारीक अक्षरांत एकक दिसले. पहिल्या लॅबचे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये होते, हा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागामागे होता. तेव्हा जुन्या मापात तो 114 होता. उतरलेला नव्हे, जवळपास दुप्पट झालेला. संध्याकाळी ड्रेसिंग सोडले, तर खालच्या टाक्याजवळ बोटाच्या पेराएवढी लाली होती आणि गॉजवर पिवळसर डाग होता. जखम उघडून धुवावी लागली. दोन्ही लॅबनी एकक छापले होते, त्यामुळे मी कोणालाही दोष देत नाही, परंतु ते शेतकरी कुटुंबाला दिसेल असे छापलेले नव्हते.

ईएसआरबद्दलही, म्हणजे नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात त्या तपासणीबद्दलही, थोडे लिहितो. तो सावकाश चढतो आणि हाड मोडल्यावर कित्येक आठवडे वाढलेलाच राहतो, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत त्याचा उपयोग मर्यादित आहे. शिवाय रक्तक्षय असेल तर तो मुळातच जास्त येतो. उलट सिकलसेल या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत आणि संसर्ग असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर सिकलसेल पुष्कळ आहे. अक्कलकुवा-धडगावकडचा रुग्ण पाय मोडून आला असता केवळ ईएसआरवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

खान्देशातील प्रयोगशाळाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, सीआरपी सर्वांनी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्येच द्यावा आणि एकक आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘शस्त्रक्रियेनंतरचा दिवस’ लिहिला आणि लॅबने तो रिपोर्टवर उतरवला, तर 148 हा आकडा तिसऱ्या दिवसाचा आहे की तेराव्या, हे पाहणाऱ्याला लगेच कळेल. नातेवाइकांनीही शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी, जुने रिपोर्ट सोबत न्यावेत आणि आकडा उतरला असला तरी ताप, वाढती वेदना किंवा पाझरणारी जखम अंगावर काढू नये, कारण उशिरा व हळूहळू वाढणाऱ्या संसर्गात सीआरपी फारसा वाढलेला नसतोही.

भाच्याची जखम आता भरली आहे आणि तो काठी घेऊन शेतापर्यंत जातो. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी तारीख, दिवस, आकडा आणि एकक असे चार रकाने आखून दिले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ता. यावल, जि. जळगाव