आरोग्यमंत्री साहेब, लसीच्या आधी आमचे प्रश्न घ्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब, नमस्कार. मी नागपुरात स्टाफ नर्स आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून. कोविडच्या लसीच्या वेळी एक बोलणं फार ऐकलं, की दवाखान्यातलेच लोक लस घ्यायला मागेपुढे पाहून राहिले तर पब्लिकनी काय करायचं. ते अजूनही डोक्यातून जात नाही, आणि पुढची साथ आली की परत हेच होणार म्हणून लिहिते.

१६ जानेवारी २०२१ ला सुरुवात झाली, पहिला नंबर आमचा. मान मोठा होता, नाही कशाला म्हणू. पण झालं काय, तर लिस्ट लागली, मेसेज आला (ज्याला आला त्याला, नोंदणीचं को-विन ॲप पहिल्याच दिवशी अडकलं), आणि या म्हटलं. कोणती लस ते निवडायचं नाही, हे केंद्राने आधीच सांगून टाकलेलं. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली ती क्लिनिकल ट्रायल मोडमध्ये, म्हणजे चाचणी चालू असतानाच, वेगळ्या संमतीपत्रावर सही घेऊन द्यायची, आणि चाचणीच्या तिसऱ्या टप्प्याचे पहिले आकडे आले ३ मार्चला. आता आम्ही रोज नातेवाईकांच्या सह्या घेणारे लोक, आमच्यासमोर तसा कागद आला तर आम्ही तो वाचणारच ना! दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांनी तर १६ जानेवारीलाच, आम्हाला दुसरी लस, कोविशील्ड द्या म्हणून पत्र दिलं. त्यांना अडाणी म्हणणार का?

वरून देशाचे औषध नियंत्रक साहेब म्हणाले लस ११० टक्के सेफ आहे. साहेब, अँटिबायोटिक द्यायच्या आधी आम्ही हातावर टेस्ट डोस देतो, भोवती पेनाने गोल काढतो आणि लाल होतं का बघत थांबतो. अशा माणसाला ११० टक्के सांगून चालत नाही. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने सांगितलं की कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळीच्या संशयित केसेस १० लाख डोसमागे ०.६१ आहेत. मला खरा धीर त्या आकड्याने आला, कारण त्यात होऊ शकतं हेही कबूल होतं आणि किती कमी होतं तेही कळलं. हेच वॉर्डात येऊन मराठीत कोणी सांगितलं असतं तर व्हॉट्सॲपवरचे मूल होत नाही वगैरे फॉरवर्ड इतके फिरलेच नसते. अंगावर पाजणाऱ्या सिस्टरला तर लसच नव्हती, तिला परवानगी १९ मेला आली, गरोदर बायांना २ जुलैला. तोवर त्या कोविड वॉर्डात ड्युटी करतच होत्या.

आणि सगळ्याच भीत्या लसीच्या नव्हत्या. आमची एक मावशी, म्हणजे वॉर्डातली सफाईची बाई, कंत्राटी, लिनेनच्या खोलीत चादरी मोजता मोजता मला म्हणाली, "सिस्टर, ताप आला तं दुसऱ्या दिवशीचा खाडा पडंल, पैसे कोण देईन?" बस्स, एवढंच. तिला कोणी हेजिटन्सी, म्हणजे लसीला कचरते, म्हणून लिहून घेतलं असेल.

ती तयार कशी झाली ते पण सांगते. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी आधी स्वतः घेतली, तिसऱ्या दिवशी ड्युटीवर आल्या आणि हँडओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, हात दुखला, ताप आला, पॅरासिटामॉल घेऊन झोपून होती, आता बरी आहे, विचारा काय विचारायचं ते. मग मावशीची ड्युटी आपापसात अशी लावली की लसीच्या दुसऱ्या दिवशी तिची सुट्टीच येईल. गेली ती. एवढ्याने झालं, ना पोस्टर लागलं ना सेलिब्रिटी. बाकी जे उरले ते एप्रिलमध्ये बेड मिळेनासे झाले तेव्हा घाबरून स्वतःच रांगेत लागले, तसं यायची वेळ कोणावर येऊ नये.

साथीचं जाऊ द्या, आजचं बोलू. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की कचरा हाताळणाऱ्यांसकट सगळ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस दवाखान्याने द्यायची. सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यात जायची सुई प्लास्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत सापडते आणि टोचते कोणाला, तर त्या पिशवीची गाठ बांधणाऱ्या मावशीला. हिपॅटायटिसचे डोस तीन, तिसरा सहाव्या महिन्यात, आणि मधे ठेकेदार बदलला की कार्ड कुठे अन् मावशी कुठे. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींना तिसरा डोस झाला की नाही हेच सांगता येत नाही.

म्हणून मागणं असं की ठेक्याच्या करारातच हे तीन डोस लिहा, लसीच्या दुसऱ्या दिवशी ताप आला तर भरपगारी सुट्टी लिहा, आणि कोणतीही नवीन लस आली तर लिस्ट लावायच्या आधी प्रत्येक पाळीला एक तास द्या, ज्यात डॉक्टर बसतील आणि कोणीही काहीही विचारेल, मावशीसुद्धा. त्रास झाल्याची नोंद कोणी दिली तर तिचं पुढे काय झालं तेही तिला कळवा, नाहीतर पुढच्या वेळी ती नोंदही देणार नाही आणि लसही घेणार नाही.

डिसेंबरात अधिवेशनाला नागपूरला याल तेव्हा (रस्ते त्या आठवड्यात चांगले असतात, आम्हालाही फायदा) सकाळी ८ ला, रात्रपाळी सुटायच्या टायमाला, न सांगता कोणत्याही सरकारी दवाखान्यात या आणि मावश्यांना हिपॅटायटिसचं कार्ड मागा. सुपरिटेंडंट साहेबांना नाही, मावश्यांना.

आपली,
एक स्टाफ नर्स, नागपूर